काउंटेसच्या तसबिरीतले हात

इटलीतल्या मांतुआ शहरात त्या काळी बड्या घरच्या ज्या ज्या बाईची तसबीर भिंतीवर लागली, तिचं तोंड तिचं स्वतःचं असे आणि हात ओर्सोलाचे. सरदारांच्या बायकांना चिताऱ्यासमोर दिवसेंदिवस बसायला सवड कुठली? त्या एखादी सकाळ येत, चेहरा देत आणि निघून जात. मागाहून त्यांचा पोशाख चित्रशाळेत यायचा, कुणीतरी तो अंगावर चढवून खुर्चीत बसायचं आणि तेओफिलो चितारी उरलेली बाई पुरी करायचा. ते कुणीतरी म्हणजे त्याची बायको ओर्सोला.

ती हातमोजे शिवणाऱ्याची मुलगी. गिऱ्हाइकाला मोजा दाखवायचा तो तिच्या हातावर, म्हणून बापाने तिला लग्नापर्यंत धुण्याच्या पाण्यात बोट बुडवू दिलं नव्हतं. तेओफिलो त्या दुकानात मोजे घ्यायला आला आणि मोजे तिथेच विसरून परत गेला, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. लग्नानंतर हातांचे लाड संपले. चूल आली, राखेच्या पाण्यातलं धुणं आलं, नवऱ्याचे रंग खलणं आलं. मान मात्र राहिला. तसबीर पोचवायला नवऱ्याबरोबर एखाद्या वाड्यावर गेली, की भिंतीवरच्या आधीच्या बायकांचे हात ती माहेरच्या माणसांकडे बघावं तशी बघत उभी राहायची. शेजारची मोदेस्ता मासेवाली तिला चिडवायची, की ज्या हातांत माणकं घालायची त्याच हातांनी माशांची खवलं काढतेस, जरा तरी लाज धर. ओर्सोलाला हे चिडवणं इतकं गोड लागायचं, की मासे नको असले तरी ती मोदेस्ताकडे चक्कर टाकायची.

काउंटेस ओत्तावियाच्या तसबिरीपासून घडी बिघडली. पोशाख आला तो गर्द तांबड्या मखमलीचा, छातीभर मोती टाकलेला, आणि त्याच्याबरोबर ब्रिजिदा नावाची वाड्यावरची दासी आली. पोशाखाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा काउंटेसचा हुकूम होता. तेव्हा तो ब्रिजिदानेच घातला. तिला तो असा बसला, की ओर्सोलाला आपल्या कंबरेची आठवण झाली. तेओफिलोने मागे सरून एकदा बघितलं आणि म्हणाला, "बरं झालं. तू जरा विसावा घे आता."

हे तो प्रेमाने म्हणाला, आणि तेच तिला झोंबलं. विसावा म्हाताऱ्या घोड्याला देतात.

त्यानंतर चित्रशाळेत तिचा पाय ठरेना आणि निघेना. कधी झाडू घेऊन, कधी पाणी घेऊन ती आत जायची. ब्रिजिदा खुर्चीत ताठ बसलेली असायची, एक हात खुर्चीवर, दुसऱ्यात रुमाल. आणि तेओफिलो तिच्या बाहीची चुणी सारखी करत असायचा. एक चुणी सारखी करायला किती वेळ लागतो? ओर्सोलाने लग्नापासून त्याच्या चुण्या बघितल्या होत्या, तिला ठाऊक होतं. एकदा तिने पोरीला विचारलंच, की नखं कुरतडतेस काय गं.

"नाही हो काकू," ब्रिजिदा म्हणाली.

काकू! त्या दिवशी भोपळ्याचं सारण भरलेली तोर्तेल्ली केली होती, त्यातली फुटलेली तेवढी वेचून ओर्सोलाने ब्रिजिदाच्या ताटात वाढली. पोरीने ती चाटूनपुसून खाल्ली आणि वर कौतुकही केलं. दुष्टपणा करावा आणि तो समोरच्याला कळूही नये, यासारखा छळ नाही. मोदेस्ताने सगळं ऐकून घेतलं, मासा कापता कापता म्हणाली, "खुर्ची गेली तर जाऊ दे बाई. पलंग सांभाळ."

काम संपलं, पोशाख आणि ब्रिजिदा दोन्ही वाड्यावर परत गेली. दुसऱ्या दिवशी काउंटेसची माणसं तसबीर न्यायला येणार होती. दुपारी जेवून तेओफिलो आडवा झाला, तशी ओर्सोला एकटी चित्रशाळेत शिरली. चेहऱ्याकडे तिने बघितलंही नाही. ती थेट हातांपाशी गेली. गोरे, लांबसडक, कुठे शीर नाही, सांधा नाही. एका हाताची करंगळी रुमालाखाली गेलेली. रंग अजून ओला होता. इतका जीव ओतून त्याने तिचे हात कधी रंगवले होते, हे तिला आठवेना. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने फडकं जवसाच्या तेलात बुडवलं आणि दोन्ही हात मनगटापासून पुसून काढले.

आधी तिला फार बरं वाटलं. मग काउंटेसची माणसं आठवली.

तेओफिलो उठून आला तेव्हा ती तिथेच उभी होती. मनगटाशी तुटलेली काउंटेस त्याने बघितली, बायकोच्या हातातलं फडकं बघितलं.

"मी पुसले," ओर्सोला म्हणाली. "त्या पोरीचे हात तुम्ही जन्मभर भिंतीवर लावून ठेवणार, ते मला बघवायचं नाही. मारायचं तर मारा."

"कुठल्या पोरीचे?" त्याने विचारलं.

"ढोंग नको. ब्रिजिदाचे."

"ब्रिजिदाची बोटं आखूड आहेत गं. इस्त्रीने भाजलेली. तिला मी बाह्यांसाठी बसवली होती."

तो कपाटाकडे गेला आणि मागून एक मोठा कागद काढून आणला. कागद पिवळा पडला होता, कडा मऊ झाल्या होत्या, आणि रेघांवरून सुईने बारीक भोकं पाडलेली होती. असे कागद चित्रशाळेत पुष्कळ होते. ओर्सोलाने हा कधी पाहिला नव्हता. त्याने चित्रातली जागा कोरडी पुसली, कागद तिच्यावर धरला आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थोपटली. कागद उचलला तर खाली ठिपक्याठिपक्यांचे दोन हात उमटलेले. रुमाल अजून नव्हता, त्यामुळे करंगळी दिसत होती. टोकाशी वाकडी. लहानपणी बापाच्या दुकानात चामडं दाबायचा दगड जिच्यावर पडला होता, ती करंगळी.

ओर्सोलाने आपली करंगळी त्या ठिपक्यांशेजारी धरून बघितली.

"हे कधीचं?" तिने विचारलं.

"लग्न झालं त्या वर्षीचं."

"आणि यावरून कधीपासून काढताय?"

त्याने ब्रश शोधायला मान खाली घातली. "तुझे सांधे सुजायला लागले तेव्हापासून. बरीच वर्षं झाली."

"मग मी बसत होते ती कशाला?"

"तू बसलीस की मला बरं वाटायचं," तो म्हणाला. "जरा बाजूला हो, उजेड अडतोय."

ती बाजूला झाली. तो रंगवायला बसला. संध्याकाळच्या आत काम उरकायला हवं होतं, तरी त्याला घाई नव्हती. कागदाकडे बघायचा, ब्रश टेकवायचा, पुन्हा कागदाकडे बघायचा. अशा नजरेने तो ब्रिजिदाकडे कधी बघत नव्हता, हे ओर्सोलाला आता कळलं. ती उगीच त्या पोरीवर जळत होती.

ब्रिजिदा तर वाड्यावर परत गेली होती. ही कागदावरची हातमोजेवाल्याची पोर कुठे जाणार नव्हती. हिला फुटकी तोर्तेल्ली वाढता येत नव्हती, हिच्या नखांवरून टोचून बोलता येत नव्हतं, आणि हिचे सांधे कधी सुजणार नव्हते. तेलाचं फडकं अजून ओर्सोलाच्या मुठीत होतं. ते तिने खुंटीवर टांगलं आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिली, कारण तो कागद टेबलावर उघडाच पडला होता, आणि कागद फाडायला तर तेलही लागत नाही.