बोटभर अंतरावरचा खो

मधुसूदन गुरुजींचा पाय मोडला तो ऐन मोक्याला. मारेगावच्या शाळेचे ते ड्रिलमास्तर. सायकलसकट नाल्यात गेले, आणि वणीचे मुलींचे खो-खोचे सामने आठवड्यावर आलेले असताना प्लास्टरातला पाय स्टुलावर ठेवून मैदानाच्या कडेला खुर्चीत बसले. खुर्चीतून खो-खो शिकवता येत नाही. म्हणून त्यांनी आपल्या गळ्यातली शिट्टी काढली आणि जयाच्या हातात दिली.

जया अकरावीत, वय सतरा. दोन वर्षं याच संघातून खेळलेली. नव्याचे नऊ दिवस म्हणून गावानं सोडून दिलं असतं, पण इथं तर नऊ दिवसही हातात नव्हते. त्यात पोरगी बौद्धवाड्यातली. बाप मारोती कापसाच्या जिनात हमाल. सात वर्षांपूर्वी सगळा वाडा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता, तेव्हा जया बापाच्या खांद्यावर बसून गर्दी पाहत होती. लोक तोंडानं म्हणत, "एवढीशी पोर पोरींना काय सांभाळणार?" आणि पोटात जे असे ते पोटातच ठेवत. गावाला ही कला चांगली साधलेली असते.

शाळेच्या कमिटीवर वामनराव वकील होते. त्यांनी सरळ सांगितलं, "गुरुजी, शनिवारी सकाळी मी स्वतः बघायला येतो. मुलीला जमत असेल तर ठीक. नाहीतर यंदा संघ पाठवायचाच नाही."

म्हणजे जयाला जमलं नाही तर नऊही पोरी घरी बसणार. जयाला ती शिट्टी हवी होती, अगदी मनापासून हवी होती, आणि म्हणूनच तिला आता रात्री झोप नीट लागेना.

संघ तसा चांगला होता. सगळ्यांत चपळ सुचित्रा, खुद्द वामनरावांची मुलगी, बारा वर्षांची. पाटीच्या मधोमध बसायची कौसल्या, जयाच्याच वाड्यातली. पण खेळ रंगात आला की साखळी तुटायची ती नेमकी या दोघींमध्ये. सुचित्रा वाऱ्यासारखी यायची, कौसल्येच्या मागे वाकायची, हात पुढे करायची आणि पाठीपासून बोटभर अंतरावर थांबून "खो" म्हणायची. हात टेकायचाच नाही. कौसल्या नुसत्या आवाजावर उठायची, कधी आधी, कधी उशिरा. खो हातानं आणि तोंडानं एकदमच द्यायचा असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वणीचे पंच असा खो चालवून घेणार नव्हते.

बुधवारी जयाचं डोकं फिरलं. "हात काहून लावत नाही तू? पळ मैदानाभोवती. मी थांब म्हणेपर्यंत पळ."

सुचित्रा पळाली. पळता पळता रडायला लागली, तरी जयानं थांब म्हटलं नाही. शेवटी गुरुजीच खुर्चीतून ओरडले, "जया, पुरे."

सुचित्रा धापा टाकत आली. नाक पुसत म्हणाली, "आई विचारते, कुणाकुणाला शिवलीस म्हणून. शिवले तर अंगणातच गार पाणी अंगावर घ्यावं लागतं." मग कुठलाही आव न आणता ती म्हणाली, "आणि तुम्ही तरी कुठं लावता, जयाताई? सगळ्यांना पाठीला धरून वाकवता, दाखवता. मला नुसतं लांबून सांगता."

जयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोर खोटं बोलत नव्हती. कौसल्येचा खांदा धरून ती तिला वळवायची, दुसरीचा गुडघा हातानं दाबून बसवायची, आणि सुचित्रापाशी आली की तिचे हात आपोआप पाठीमागे जायचे. हे तिनं ठरवून कधी केलं नव्हतं. लहानपणापासून अंगवळणी पडलं होतं, इतकं की स्वतःला दिसतसुद्धा नव्हतं.

घरी तिनं आईला सांगितलं. मथुराबाई भाकर थापता थापता थांबली.

"तोंडानंच सांगजो. हात लावू नोको तिले. वकिलाची पोरगी हाय. काही झालं त बोट आपल्याकडंच येते."

"आई, आपन दीक्षा घेतली ना?"

"आपन घेतली. त्यायनं कुठी घेतली?" मथुराबाई म्हणाली, आणि भाकर तव्यावर टाकली.

शुक्रवारी गुरुजींनी जयाला जवळ बोलावलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळ्यांशी गोड राहायची सवय होती. "कौसल्येला टोकाला बसव. तिच्या शेजारी तुमच्याकडच्या मुली ठेव. सुचित्राचा आणि तिचा संबंधच येणार नाही. वामनराव खूश, संघ वणीला. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही."

जया पायानं माती उकरत राहिली. तसं केलं की सगळं मिळत होतं. ती "बघते" एवढंच म्हणाली.

शनिवारी वामनराव आले. त्यांच्यासाठी आणखी एक खुर्ची मांडली. पोरी पाटीवर बसल्या, आणि गुरुजींनी पाहिलं तर कौसल्या मधोमधच. त्यांचा चेहरा उतरला.

जयानं शिट्टी दिली. सुचित्रा धावली, वाकली, "खो." हात बोटभर लांब. जयाची शिट्टी वाजली. "फाऊल." पुन्हा डाव. पुन्हा तेच. "फाऊल." तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा पाटीवरच्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. खेळ असा होईचना.

वामनराव उठून मैदानात आले. "हे काय चाललंय? नीट शिकव की तिला."

"शिकवते." जया सुचित्राच्या मागे जाऊन उभी राहिली. तिनं हात पुढे केला.

"थांब," वामनराव खालच्या आवाजात म्हणाले. "हात न लावता शिकवता येत नाही का?"

आपल्यामुळे नऊ पोरींचं वणी बुडणार, आईचं म्हणणं खरं ठरणार, हे जयाला दिसत होतं. तरी ती बोलली.

"येते ना, साहेब. आजपर्यंत तसंच शिकवलं मी तिले. म्हनूनच तिले खो देता येत नाही."

वामनरावांनी मुलीकडे पाहिलं. सुचित्रानं बापाकडे बघितलं नाही. ती पाटीवर जाऊन बसली, पाठ ताठ केली आणि म्हणाली, "दाखवा, जयाताई."

जयानं तळवा तिच्या पाठीवर टेकवला. पूर्ण टेकवला. "असा. खो."

सुचित्रा उठली, पळाली, आणि पुढच्या फेरीला कौसल्येच्या पाठीवर असा सणसणीत हात मारला की ती बिचारी उठायच्या आधी कळवळली. पण उठली ती नेमक्या वेळेला.

वामनराव खेळ संपेपर्यंत उभेच होते. जाताना जयाकडे न बघता गुरुजींना म्हणाले, "वणीला हिलाच न्या. घरचं मी बघतो." घरी काय बोलणं झालं, किती भांडी आपटली, ते बाहेर कुणाला कळलं नाही. रविवार जयानं कसाबसा काढला.

सोमवारी सुचित्रा आली. पाटीवर मध्ये जाऊन बसली. आता खो द्यायची पाळी कौसल्येची होती. ती धावत आली, सुचित्राच्या मागे वाकली, हात पुढे केला. आणि तो हात पाठीपासून बोटभर अंतरावर थांबला.

जयानं शिट्टी वाजवली. "फाऊल, कौसल्या. परत."