आजोबांचं नाक

त्सुनामीनंतर दर शनिवारी मी टोकियोहून किनाऱ्यावरच्या एका गावी, चिखलात सापडलेले फोटो धुवायला जायचो. शेजारी बसणाऱ्या जपानी आजींचं घरच वाहून गेलं होतं. एकदा ढिगात त्यांना स्वतःचं पोस्टकार्ड सापडलं. त्यांच्या स्कॉटिश आजोबांनी मायदेशाहून धाडलेलं. त्यावरूनच त्या तिकडचे नातेवाईक शोधणार होत्या.

मऊ ब्रशने चिखल निघाला. चित्रातलं चर्च आणि खाली छापलेलं गावाचं नाव शाबूत होतं. मागे शाईने लिहिलेला आजोबांचा तिकडचा पत्ता मात्र पार धुऊन गेला होता.

"अरेरे! आता कसे सापडणार?" मी हळहळलो.

आजींनी कार्ड चिमट्याने दोरीवर लावलं आणि आपल्या लांब, धारदार नाकावर बोट ठेवलं.

"मी कशाला शोधू? या चर्चसमोर जाऊन उभी राहीन. आजोबांचं हे नाक बघून नातेवाईकांनीच मला ओळखावं!"