चंद्र सरकून गेला होता

एप्रिलमध्ये धुळ्याच्या गच्चीवरून ग्रहांचे फोटो निघत नाहीत, हे मला चार-पाच दिवसांतच कळलं. दिवसभर तापलेला स्लॅब सूर्य मावळला तरी हवा तापवत राहतो, आणि दुर्बिणीतला गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी टाकलेल्या नाण्यासारखा हलतो. ही दुर्बीण नवऱ्याने जळगावच्या एका कापड व्यापाऱ्याकडून आणली होती. त्यांनी हौसेने घेतलेली, एकदोनदा लावलेली, मग दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलेली. "बघ, तुला जमेल," एवढं म्हणून नवरा सोमवारी कामाला जळगावला निघून गेला.

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. चित्र धूसर आलं तर दोष यंत्रात आहे की पेशंट हलला, हे ओळखणं माझं रोजचंच काम. दोष गच्चीत आहे हे ठरल्यावर मी दुर्बीण मागच्या अंगणात उतरवली. शेवगा आणि पाण्याची टाकी यांच्या मधून आकाशाचा बऱ्यापैकी तुकडा दिसायचा. दवाखान्यातून आले की अंगणात भरपूर पाणी मारायचं, माती निवू द्यायची आणि मग दुर्बीण लावायची. एकेक फोटो काढत बसण्यात अर्थ नव्हता. मी डोळा लावायचं भिंग, म्हणजे आयपीस, काढून तिथे छोटा कॅमेरा बसवायची, मिनिटभराचा व्हिडिओ घ्यायची आणि त्यातली हवा शांत असतानाची चित्रं लॅपटॉपवर एकावर एक बसवायची. गुरूचे दोन तपकिरी पट्टे पहिल्यांदा स्वच्छ उमटले, तेव्हा हे आपल्याला येतं याबद्दल मला शंका उरली नाही.

सासूबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, हे सगळं ओट्यावर बसून बघायच्या. त्या शिंदखेड्याकडच्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे राहायला आल्या, पण बोलणं तिकडचंच राहिलं.

एका संध्याकाळी अर्धा चंद्र डोक्यावर होता. कॅमेरा काढून मी पुन्हा आयपीस लावली, चंद्राच्या कडेवरची विवरं बरोबर मध्यात आणली आणि अक्कांना हाक मारली. त्या भिंतीला धरत हळूहळू आल्या, वाकल्या, डोळा लावला.

"दिखना का, अक्का?"

"दिखना ना. भलता चांगला शे."

त्या बाजूला झाल्यावर मी वाकले. आत नुसता काळोख होता. माझ्या दुर्बिणीला मोटर नाही. पृथ्वी फिरते तसा चंद्र आपोआप बाहेर सरकतो, आणि अक्का येईपर्यंत तो पार निघून गेला होता. त्यांनी रिकाम्या आभाळाला चांगलं म्हटलं होतं.

मी दुर्बीण आवरायला घेतली. आवरताना गेल्या काही महिन्यांतल्या गोष्टी आठवत गेल्या. तांदूळ निवडायचं त्यांनी सोडून दिलं होतं. टीव्हीसमोर बसायच्या, पण फक्त ऐकायच्या. चहाचा कप आधी हाताने चाचपायच्या. दुसऱ्या दिवशी भाकरी करताना मी सरळ विचारलं.

"अक्का, काल दुर्बिणीत काहीच नव्हतं. तुम्हाला किती दिसतं?"

त्या म्हणाल्या, "बठ्ठं धुकं दिखस. तुले सांगं तर तू ऑपरेशनले लई जाशी."

सगळंच धुक्यासारखं दिसत असूनही त्यांनी ते लपवलं होतं, कारण त्यांच्या गावात कुणा बाईचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता. ती भीती त्यांच्या मनात घट्ट बसली होती. समजावून काही होणार नाही हे मला दिसत होतं. त्या संध्याकाळी मी दुर्बिणीच्या तोंडावर दुधाची धुतलेली पिशवी ताणून बांधली आणि तसाच चंद्राचा फोटो घेतला. मग पिशवी काढून दुसरा घेतला. दोन्ही फोटो टीव्हीवर लावले आणि अक्कांना अगदी पडद्याजवळ बसवलं. डोळ्यापासून हातभर अंतरावरचं, एवढं मोठं त्यांना थोडंफार दिसायचं.

"हा पहिला. कसा दिसतो?"

"पांढरा गोया."

"आणि हा?"

त्या पुढे सरकल्या. पडद्यावर बोट ठेवून एका विवराच्या काळ्या सावलीवरून ते फिरवत राहिल्या.

"चंद्र तोच आहे अक्का, दुर्बीणही तीच. फक्त पिशवी काढली. तुमच्या डोळ्यावरची पिशवी डॉक्टर काढतील. मी दाराशी उभी राहीन."

"आतमा नही येवावं का?"

"आत येऊ देत नाहीत. पण दारातून हलणार नाही."

दोन दिवसांनी नवरा आला, तेव्हा अक्का त्याला म्हणाल्या, "डॉक्टरले इचार, कधी येवाना ते."

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्याआधी झालं. कबूल केल्याप्रमाणे मी दाराशी उभी होते. त्या बाहेर आल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला. डावा डोळा दिवाळीआधी झाला.

थंडी पडली तेव्हा अंगणात पाणी मारायची गरज उरली नव्हती. दिवेलागणीला मी त्यांना शनी दाखवला. यंदा त्याची कडी आडवी, सुईसारखी बारीक दिसत होती. अक्का आयपीसला डोळा लावून बराच वेळ वाकून राहिल्या.

"हालस," त्या म्हणाल्या. "तुना फोटोमा हालत नही. फोटोच बरा शे."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. आता त्या माझ्या फोटोंतल्या चुका काढतात. गेल्या आठवड्यात गुरूच्या एका फोटोत मी रंग जरा जास्त चढवला होता. त्यांनी लांबूनच सांगितलं की हा गाजरासारखा झालाय. मी पुन्हा बसून तो कमी केला. त्यांचं बरोबर होतं, आणि नवा फोटो माझ्या आजवरच्या सगळ्या फोटोंत चांगला निघाला आहे.