इंजिनाला लावलेलं लाटणं

लाटण्याचं एक टोक गरम इंजिनाला टेकवलेलं, दुसरं माझ्या कानाला, आणि मधल्या दीड वितीच्या बाभळीच्या लाकडातून आख्खी जीप माझ्या डोक्यात शिरलेली... लहानपण म्हटलं की मला हेच आठवतं. बाकीच्यांना परसातला पारिजातक आठवतो. आमच्या परसात फाटके टायर होते, आणि पावसाळ्यात त्यात डास व्हायचे.

लाटणं आईचं. आमच्याकडं रोज भाकरी, ती हातावर थापायची. लाटणं फळीवर पडून असायचं आणि सणाला पोळ्यांपुरतं खाली यायचं. मधल्या दिवसांत ते माझं. कर्जतच्या रस्त्याला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, पत्र्याचं गॅरेज होतं. पुढं रस्ता, मागं आमच्या दोन खोल्या. लष्कराच्या लिलावात घेतलेल्या जुन्या जीपा तिथं यायच्या. जळक्या तेलाचा वास, तापलेल्या पत्र्याचा वास, चैत्रात त्यात मिसळलेला लिंबाच्या मोहोराचा कडवट गोडसा वास – घरात शिजलेल्या आमटीलासुद्धा थोडा डिझेलचा वास यायचा आणि आम्हाला ते कळायचंही नाही.

अण्णा बहिरे होते. घण मारून मारून कान गेलेले. ओरडून बोललेलं थोडंफार कळायचं, बाकीचं ते ओठ बघून ओळखायचे. गिऱ्हाइकांना हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊ द्यायचं नव्हतं. आवाज करणारी गाडी बहिऱ्या मिस्त्रीकडं कोण आणील? म्हणून आमच्या घरात एक रीत पडली होती. गाडी आली की अण्णा लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला लावायचे, मूठ कानाशी धरायचे, डोळे मिटायचे, मान हलवायचे. मी चाकाशेजारी उकिडवी बसून लाटणं लावायची. बघणाऱ्याला वाटे, मिस्त्रीची पोर खेळतीय. मग मी अण्णांच्या सदऱ्याचं टोक ओढायची. एकदा ओढलं तर टॅपेट, म्हणजे वरच्या बाजूचं काम, थोडं कसलं की झालं. दोनदा ओढलं तर सायलेन्सर फुटलाय. तीनदा ओढलं तर आतलं बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागणार आणि तोवर गाडी जागची हलवायची नाही. अण्णा डोळे उघडायचे आणि निकाल सांगायचे. लोक म्हणायचे, मिस्त्रीचा कान म्हणजे कान.

टॅपेटचा आवाज पाटीवर पेन्सिल आपटल्यासारखा, बारीक आणि घाईचा. फुटका सायलेन्सर नुसताच बोंबलतो, त्याला लाटणं लागत नाही. बेअरिंगचा आवाज मात्र लांबच्या वस्तीवर कुणी उखळात कुटत असावं तसा... तो कानाला कमी आणि दाढांना जास्त कळतो. हे मला कुणी शिकवलं नाही. शिकवणार कोण, अण्णांना तर ऐकूच येत नव्हतं. त्यांनी मला शाबासकी कधी दिली नाही. काम झालं की माझ्या डोक्यावर तेलकट हात ठेवायचे, तेवढंच. त्या हाताचं मला फार वाटायचं. आता त्याचा राग येतो.

मी चौथीत होते तेव्हा दादा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा भाऊ, शाळेत नापास होऊन गॅरेजात आला. येणाऱ्या-जाणाऱ्याला अण्णा त्याला दाखवायचे, आता हा बघणार म्हणून सांगायचे. होळीच्या आदल्या दिवशी एका बागायतदाराची जीप आली. मुलीच्या साखरपुड्याचं सामान आणायला तो नगरला निघाला होता, आणि वाटेतच एकाएकी गाडी मोठ्यानं वाजायला लागली होती. अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर लावला, मी लाटणं लावलं. माझ्या दाढांत ते उखळ वाजलं. मी सदरा तीनदा ओढला.

दादा अण्णांच्या समोर आला, ओठ नीट दिसतील असा, आणि म्हणाला, “टॅपेट हाय, अण्णा.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. मी पुन्हा तीनदा ओढलं. त्यांनी सदरा माझ्या हातातून सोडवून घेतला. बागायतदार समोर उभा होता, पोराचं पहिलं बोलणं होतं... ते खोटं पाडायचं कसं? त्यांनी टॅपेट कसलं आणि जीप सोडली.

मिरजगावच्या अलीकडं इंजिनाच्या पोटाला भोक पाडून आतला दांडा बाहेर आला. संध्याकाळी बैल लावून जीप परत आणली, आणि मागून बागायतदार शिव्या देत चालत आला. गॅरेजसमोर माणसं जमली. दादा पाण्याच्या पिंपामागं उभा होता. मला वाटलं, अण्णा म्हणतील, चूक झाली. चूक कुणाच्याही हातून होते.

अण्णा म्हणाले, “पोरगी खेळत हुती बोनटात. तिनंच कायतरी ढिल्लं केलं असंल.” आणि सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली मारली. त्याच कानाखाली.

मी आत गेले. आईला सगळं माहीत होतं; भिंतीला कान लावून ती रोज गॅरेज ऐकायची. तिनं माझ्या हातातलं लाटणं घेतलं, राखेनं घासलं आणि म्हणाली, “पुन्यांदा हे बाहेर न्यायचं न्हाई. उद्या पोळ्या हायेत.” दुसऱ्या दिवशी त्याच लाटण्यानं मी पुरणपोळ्या लाटल्या. गॅरेजात पुन्हा गेले नाही. चौथी झाल्यावर शाळाही सुटली, त्याला वेगळं कारण कुणी दिलं नाही. दादाला ऐकून कधीच कळलं नाही. तो आधी सगळं उघडायचा आणि मग काय बिघडलं ते शोधायचा. तरी त्याचं चाललं. पुढं नगरजवळ नागापूरला त्यानं मोठं वर्कशॉप काढलं. माझं लग्न कर्जतजवळच्याच वस्तीवर झालं, आणि आई गेल्यावर ते लाटणं मी मागून घेतलं.

गेल्या महिन्यात दादा भेटायला आला. आता तोही बहिरा झालाय. कानातलं यंत्र घरी डबीत ठेवतो. गाडी वीस वर्षांची, चालवायला त्याची नात ऋतुजा, कॉलेजात शिकणारी. वस्तीच्या वळणावरूनच मला गाडीचा आवाज आला आणि हातातली परात मी खाली ठेवली. दादा उतरता उतरता म्हणाला, खड्ड्यात सायलेन्सर फुटलाय, नगरला गेल्यावर बघू.

पोरगी अजून स्टिअरिंगवर होती. मी तिला विचारलं, कधीपासून वाजतंय? ती हळू आवाजात म्हणाली, “आजी, समोरून टेम्पो आला, आजोबा म्हणाले खाली घे, तर दगड लागला. मग तेलाचा लाल दिवा दोनदा लागला. मी सांगितलं, सायलेन्सर नाही वाटत. ते म्हणाले, जुन्या गाडीत दिवे लागतातच.”

मी लाटणं आणलं. बोनट उघडायला लावलं. दादा हसत होता. म्हणाला, लहानपणी एका जीपचं वाटोळं केलंस, आता ही राहिली का? थट्टेनंच म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं.

साठ वर्षांनी दाढांत तेच उखळ वाजलं. ऋतुजाला इंजिनातलं तेल मोजायची पट्टी काढायला लावली, ती कोरडी निघाली. गाडीखाली काळा ठिपका वाढत होता. मी चावी काढून घेतली आणि कमरेला खोचली. दादा चिडला, पण बसून राहिला. शेवटी गाडी दुसऱ्या गाडीला बांधून नगरला नेली.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. “बेअरिंगच निघालं, शांते. कान अगदी अण्णांचा घेतलायस.” मी काही बोलायच्या आत तो पुढं म्हणाला, “पोरीनं वाट लावली गाडीची. दगडावर घातली. आता तिच्या हातात चावी न्हाई द्यायची.”

त्याचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, नाहीतर त्याला ऐकू येत नाही. मागं कुणीतरी कप खाली ठेवल्याचं मला ऐकू आलं.

मी म्हणाले, “अण्णांना कान नव्हता, दादा. कान माझा होता. जीपला मी हात लावला नव्हता. पोरीला चावी दे.”

“आँ?”

मी पुन्हा सांगितलं.

“तुटतंय गं. काय म्हणतीस?”

मी आणखी एकदा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. मग दादाचा आवाज बाजूला वळला, “ऋतुजा, काय म्हणती गं ही?”

पलीकडून पंख्याची घरघर तेवढी येत होती. मी फोन कानाशी घट्ट धरून उभी होते. मग फोन बंद झाला. तिनं त्याला काय सांगितलं ते मला कळलं नाही. मी परत लावला नाही. माझं तीनदा ओढून झालं होतं.