वाफेच्या पाइपवरचा हात

लिंबायतच्या रेल्वे फाटकात सायकलचं चाक रुळात अडकलं आणि मी उजव्या खांद्यावर आपटलो. गळ्याजवळचं हाड मोडलं. ओळखीच्या हाडवैदाने लेप लावला, पट्टी आवळली आणि बजावलं, सहा आठवडे हात हलवायचा नाही. दिवाळीआधीचे दिवस होते, डाइंग मिलमध्ये साड्यांचे ढीग लागले होते. मी तिसऱ्याच आठवड्यात पट्टी सोडून कामावर गेलो. नव्वदीतल्या त्या सुरतेत घरी बसणारा माणूस मला आळशी वाटायचा, आणि माझ्या हट्टापुढे बायकोनेही हात टेकले होते.

हाड जुळलं, पण वाकडं. टोकावर टोक चढलं, खांदा आखूड झाला, सदऱ्याखाली लिंबाएवढा उंचवटा आला. दुखत नव्हतं, म्हणून मीच त्याची थट्टा करायचो.

माझं काम कापड सुकवायच्या मशीनवर. ओलं कापड मोठमोठ्या पोलादी सिलिंडरांवरून फिरतं आणि सिलिंडरांच्या आत वाफ असते. वाफ थंड पत्र्याला लागली की तिचं पाणी होतं, आणि पाणी होता होता ती आपली सगळी गर्मी कापडाला देऊन जाते. ते पाणी मात्र बाहेर निघालं पाहिजे. सुट्टीनंतर वाफेची लाइन गार पडलेली असते. तेव्हा आधी थोडीशीच वाफ सोडायची, साचलेलं पाणी खालच्या नळाने काढायचं, आणि शेवटचा पाइप गरम लागला तरच मोठा व्हॉल्व्ह उघडायचा. पाणी आत राहिलं आणि वाफ जोरात आली, तर ती पाण्याला तोफेच्या गोळ्यासारखी पाइपात फेकते.

पाइप गरम आहे की नाही, हे मी लोखंडी शिडीवर चढून हाताने पाहायचो. डाव्या हाताने शिडी धरायची, उजव्या हाताच्या बोटांची मागची बाजू पाइपला टेकवायची. व्हॉल्व्हवर माझा साडू असायचा. माझ्या बायकोची धाकटी बहीण त्याला दिलेली. मी “उघड” म्हटलं की तो चक्र फिरवायचा. माझ्या हातावर सगळ्या खात्याचा भरवसा होता आणि मलाही त्याचा माज होता.

मग उजवा हात वर केला की बधिर होऊ लागला. आधी करंगळी, मग सगळा पंजा. एका संध्याकाळी बायकोने माझ्या बोटांवरचे फोड पाहिले.

“तुम्हना हात भाजाय ग्या, नि तुम्हले समजनं बी नही?”

मी तिच्यावरच खेकसलो. खरं तर मी घाबरलो होतो. ज्या हाताला चटका कळत नाही, त्याला मिलमध्ये कोण विचारतो?

सुट्टीनंतरच्या एका सकाळी मी सवयीने उजवा हात पाइपला लावला. काहीच कळलं नाही. खाली साडू वर बघत उभा होता, मुकादम घाई करत होता. उतरून डावा हात लावला असता तर सगळ्यांना समजलं असतं. मी मनानेच पाइप गरम ठरवला आणि म्हणालो, “उघड.”

घण घातल्यासारखा आवाज झाला. पाइप जागेवरून उसळला, जोडावरचं गॅस्केट फाटलं आणि वाफेचा झोत साडूच्या तोंडापासून हातभर अंतरावरून गेला. तो मागे पडला, वाचला. सगळ्यांनी गॅस्केटला शिव्या दिल्या. संध्याकाळी मेहुणी साडूचा डबा न्यायला घरी आली, तर तिच्याकडे बघवेना.

पुढचे काही आठवडे मी उलटा उभा राहून डावा हात लावत होतो. कोणी विचारलं तर खांदा दुखतो म्हणायचो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं होतं. पाइप जरा कुरकुरला तरी मी शिडीवरून खाली उतरायचो. शेवटी दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला. “हड्डी फिर से तोडनी पडेगी,” ते म्हणाले. तोडून सरळ करायची, धातूची पट्टी आणि स्क्रू बसवायचे, कमरेतलं थोडं हाड काढून मध्ये भरायचं. त्याच हाडाखालून हाताच्या नसा आणि रक्ताची मोठी नळी जाते. वाकड्या हाडाने नसा दाबल्या आहेत. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागला, तर हात कायमचा जाऊ शकतो. कागदावर सही करताना पेन दोनदा निसटलं. बधिरतेने की भीतीने, ते मला आजही सांगता येत नाही. टेबलावर झोपवल्यावर मला देव आठवला नाही. साडूचं तोंड आणि ती वाफ, एवढंच दिसत होतं.

हात वाचला. बोटांत आधी मुंग्या आल्या, मग हळूहळू जाण आली. चार महिन्यांनी कामावर परतलो. पहिल्या सकाळी शिडी चढलो, उजवा हात पाइपला लावला आणि चटका बसला. पाइप नक्की गरम होता. पण “उघड” हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

“भाऊ, उघाडू का?” साडूने खालून विचारलं.

मी खाली उतरलो आणि त्या सकाळचं सगळं सांगून टाकलं. हात बधिर होता, मी काही कळत नसतानाच ‘उघड’ म्हणालो होतो. तो शिव्या देईल, कदाचित हातही उगारेल, अशी माझी तयारी होती. त्याने व्हॉल्व्हवरचा हात काढलादेखील नाही.

“माले मालूम शे, भाऊ,” तो म्हणाला. “त्या दिनपाईन रोज तुम्हना पह्यले मीच हात लाई येस. आजबी लाई उनू.”

रोज माझ्याआधी तो स्वतः पाइपला हात लावून यायचा, आजही लावून आला होता, आणि तरीही तो माझ्या शब्दासाठी थांबला होता.