डाव्या बाजूचं फाउंडेशन

गाडी दुरुस्तीला आली की नाना मिस्त्री बॉनेटला हात लावण्याआधी स्टीलचा ग्लास पाण्यानं काठोकाठ भरून डॅशबोर्डवर ठेवायचे. मालकाला इंजिन चालू करायला सांगायचे आणि स्वतः शेजारी बसून पाण्याकडे बघत राहायचे. पाण्यावर बारीक, एकसारख्या लहरी उठल्या तर एक दुखणं. मधूनच हिसका बसून पाणी सांडलं तर दुसरं. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्रींना तहान लागली असेल. आळेफाट्यावर त्यांच्याच शेडच्या अर्ध्या भागात माझं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान होतं, त्यामुळे मी हा प्रकार वर्षानुवर्षं पाहिला.

नाना निरगुडसरचे. बोलणं कमी, पण एक वाक्य ठरलेलं. "आधी गाडीला काय झालं नाय ते बघायचं, राव. मागं उरंल ते दुखणं." तपासायची सुरुवातही ठरलेली. इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसतं त्यांना आमच्याकडे फाउंडेशन म्हणतात. ट्रक असो की जीप, नाना हातबॅटरी घेऊन आधी खाली वाकायचे आणि ती फाउंडेशनं बघायचे. "पायाच हलत आसंल तर भिंतीला गिलावा करून काय उपेग?"

नव्वदच्या दशकात जुन्नरकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलानं, प्रतापनं, मुंबईहून एक जुनी परदेशी गाडी आणली. लाल, दोन दारांची, दोन कार्बोरेटरची. नानांना ती फार आवडायची. "लई तेज जनावर हाय," म्हणायचे. एकदा तिचं डाव्या बाजूचं फाउंडेशन फाटलं. नवं मिळेना, म्हणून नानांनी जुनंच रबर जोडून बसवलं. किल्ली देताना मी तिथंच होतो. नाना म्हणाले, "प्रतापभाऊ, हे तात्पुरतं हाय. नवं येईस्तोवर घाटात न्यायची नाय." प्रताप हसला, "नाही नेत, नाना," म्हणाला आणि गेला.

त्याच आठवड्यात भीमाशंकरच्या घाटरस्त्यावर चढाच्या एका वळणात गाडी कठड्यावर आदळली. प्रतापच्या डोक्याला मार लागला आणि तो गेला. गाडीचं मात्र पुढचं नाकच तेवढं चेपलं होतं. वडिलांनी ते सरळ करून घेतलं आणि गाडी बागेतल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवून दिली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगत, "मस्तीनं गेला." घरात त्याचा फोटोही लावू दिला नाही. नाना माझ्याजवळ त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत.

काही वर्षं गेली. एका सकाळी तीच लाल गाडी थरथरत आमच्या शेडसमोर येऊन उभी राहिली. प्रतापची धाकटी बहीण वंदना चालवत होती. नवी बॅटरी आणि ताजं पेट्रोल घालून तिनं ती चालू केली होती.

"नाना, जागेवर उभी असली की बंद पडू पडू करते," ती म्हणाली. "आणि सगळी गाडी हादरते. दात वाजतात अक्षरशः. बाबा ही भंगारात घालायची म्हणताहेत. मला ठेवायचीय."

नानांनी मान हलवली. पाण्याचा ग्लास मागितला नाही. खालीही वाकले नाहीत. सरळ बॉनेट उघडून त्यांनी प्लग काढायला घेतले. या माणसाला कुठं बघायचं नाही, ते मला तेव्हाच कळलं.

प्लग बदलले. कार्बोरेटर सोडवून धुतले. कॉम्प्रेशन पाहिलं, ठीक होतं. मला वायरिंग तपासायला लावलं, तेही ठीक. मग त्यांनी साबणाचं पाणी शिंपडत शिंपडत इंजिनभोवती कान लावला आणि तडकलेली एक नळी शोधून काढली. ती बदलल्यावर इंजिन एका सुरात चालू लागलं.

वंदनाचा चेहरा उजळला. तिनं स्टिअरिंगवर हात ठेवला आणि चेहरा पुन्हा पडला. "नाना, हादरतेच आहे अजून."

"व्हय," नाना म्हणाले. "इंजिन सरळ चाललंय. गाडी हादरतीय."

आता बघायचं दुसरं काही उरलं नव्हतं. नानांनी हात पुसले, पुन्हा पुसले. मग हातबॅटरी घेऊन डाव्या बाजूनं गाडीखाली सरकले. बराच वेळ त्यांचे नुसते पाय दिसत होते. शेवटी आतून आवाज आला, "ताई, हातब्रेक वढून धरा, गिअर टाका आन् क्लच हळूच सोडा. रेस थोडी द्या."

तिनं तसं केलं. उघड्या बॉनेटमधून मला दिसलं, सबंध इंजिन डावीकडून उचललं गेलं. त्याबरोबर रेसचा दांडा खेचला गेला, पलीकडच्या पट्टीत अडकला आणि इंजिन किंचाळायला लागलं.

"नाना, मी पाय काढलाय!" वंदना ओरडली. "रेस कमी होत नाही!"

मी हात घालून चावी फिरवली. इंजिन बंद पडलं.

नाना बाहेर आले ते जमिनीवरच बसून राहिले. हातात फाटलेलं रबर होतं. त्यावरून बोट फिरवत म्हणाले, "हे आदळून फाटलेलं नाय. तसं आसतं तर कडा खरबरीत राहत्या. हे आधी सुटलं, मग घासून गुळगुळीत झालं. चढावर प्रतापभाऊंनी रेस दिली, इंजिन उचाललं आन् रेस अडाकली. त्यांनी पाय काढला आसंल, तरी गाडी थांबली नाय." मग तिच्याकडे बघून म्हणाले, "हे रबर मी जोडलं व्हतं, ताई."

ती ओरडेल, रडेल, काहीतरी फेकेल, असं मला वाटलं. ती खाली बसली.

"म्हणजे दादा मुद्दाम जोरात नव्हता चालवत?"

"नाय."

"मस्तीनं नाही गेला?"

"नाय, ताई. चूक माजी."

मला राहवलं नाही. "नाना, पण तुम्ही त्याला..." एवढंच म्हणालो. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वळून माझ्या वायरी गुंडाळायला लागलो.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. नाना हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर उभे राहिले, मार खायच्या तयारीनं. म्हाताऱ्यानं विचारलं, "त्यानं गाडी थांबवायला बघितली असंल ना?"

"बघितली आसंल, आप्पा."

म्हातारा खांबाला धरून रडला. मुलगा गेल्यावर तो तेव्हा पहिल्यांदा रडला, असं पुढे वंदना म्हणाली. घरात फोटो लागला. गोष्ट मात्र फाट्यावर पसरली. नानांच्या दारातल्या गाड्या कमी झाल्या. मी एकदा चिडून विचारलं, "घाटात नेऊ नको म्हणून सांगितलं होतंत, तेवढं बोलायला काय झालं होतं?"

"किल्ली माज्या हातात व्हती, भाऊ," नाना म्हणाले. "द्यायलाच नको व्हती. आन् त्या पोरीला किती वर्सांनी भाऊ परत मिळाला. तो तिच्या हातून काढून घिऊ?"

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी नाना आजारपणात गेले. निरगुडसरला बुद्धवंदना झाली, माणसं पांगू लागली. वंदना लाल गाडी घेऊन आली होती. माझ्याजवळ येऊन ती म्हणाली, "चूक त्यांची होती, पण त्यांनी लपवली नाही. अशी माणसं आता कुठं मिळतात?"

मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "नाही मिळत, ताई."