वाटी केव्हा सोडायची

तुमचे आजोबा डॉक्टर म्हणून इराणला गेले होते हे तुम्ही ऐकलं आहे. त्यांच्याबरोबर मीही तिथे तीन वर्षं होते. त्याबद्दल मला कोणी विचारलं नाही, म्हणून सांगायचं राहून गेलं. आता नीट क्रमाने लिहिते.

बहात्तरच्या दुष्काळानंतर तीन-चार वर्षांनी आम्ही गेलो. वाळवंटाच्या कडेचं गाव, दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना. भिंतीवर गणवेशातल्या शहाची तसबीर होती आणि तिच्याखाली बायका डोक्यावरून अंगभर घेतलेल्या चादरी सावरत बसलेल्या असायच्या. आपल्या बीडकडच्या बोलीत निजामाच्या काळापासून फारसी शब्द इतके मुरले आहेत की बाजारहाट मला लवकर जमू लागला. साखरेचा खडा दातांत धरून कोरा चहा प्यायला मात्र शेजारणीने शिकवलं.

गावाला पाणी डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालच्या बोगद्यातून यायचं. ते वाटून देणारा एक म्हातारा होता. त्याच्यापुढे पाण्याने भरलेलं पातेलं आणि त्यात तरंगणारी तांब्याची वाटी. वाटीच्या तळाला बारीक भोक. वाटी बुडाली की एक माप झालं. माझ्या लग्नात मुहूर्तासाठी ठेवलेलं घटिकापात्र हुबेहूब असंच होतं, म्हणून मी पाहत उभी राहिले. त्याने मला बसायला सांगून चहा मागवला. ज्याची पाळी पुढची, तो माणूस वाटीवर लक्ष ठेवत शेजारी बसला होता. पाट सोडला तरी म्हातारा वाटी सोडेना. बऱ्याच वेळाने लांबच्या डाळिंबाच्या बागेतून "आलं" अशी हाक आली, तेव्हा त्याने वाटी पाण्यावर ठेवली. मी कारण विचारलं.

"वाटेतली माती पाणी पिते," तो म्हणाला. "ते बागवाल्याच्या वाट्यात का धरायचं?"

पुढे शहाविरुद्ध मोर्चे सुरू झाले. शहा देश सोडून गेला त्या दिवशी गावातले दोन भाऊ शहरात घोषणा देऊन, घसा बसवून, उशिरा परत आले. म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं, "तुमची पाळी होऊन गेली. शहा गेला म्हणून दुपार थांबत नाही." थोड्याच दिवसांत दवाखान्यातली तसबीर उतरली, भिंतीवर पांढरा चौकोन राहिला, आणि आम्ही सामान बांधलं.

परत आल्यावर आजोबांनी तलवाड्याच्या बाजूला, आपल्या गावात दवाखाना काढला. तिथे अकरा घरांची सहकारी पाणी सोसायटी होती. एक विहीर, एक डिझेल इंजिन, एक मातीचा पाट. माझे धाकटे दीर चेअरमन. पावसाने सलग दोन वर्षं पाठ फिरवली आणि विहीर तळाला गेली. इंजिन सुरू झालं की प्रत्येकाला घड्याळी एक तास, असा नियम होता. दिरांचं शेत विहिरीला लागून होतं. पाटाच्या शेवटाला एका विधवा बाईची मोसंबीची बाग होती, ऐंशी झाडं. तिला सगळं गाव मामी म्हणे. झाडं फळाला आली तेव्हा तिने ऊसतोडीला जाणं बंद केलं होतं. बाग वाळली तर दसऱ्यानंतर दोन्ही मुलींना शाळेतून काढून पुन्हा कोयता हातात घ्यायचा, एवढंच तिच्यापुढे होतं.

"डाक्टरीणबाई, झाडं पानं मुरडायलीत," ती दवाखान्यात येऊन म्हणाली. "माजा तास तर पाटच पितो. चेरमनला सांगितलं की घड्याळ दावतो."

मी सोसायटीच्या बैठकीत जाऊन इराणची पद्धत सांगितली.

"वहिनी, तिथं जमिनीतून तेल निघतंय. आपल्याकडं खडक हाय," दीर हसून म्हणाले. "तिथली रीत इथं कावून?"

एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आन् वाटी तर लग्नातली हाय. मामीचं लगीन लावता काय?"

"लावा की," मामी म्हणाली. "नवरदेव पानी घेऊन आला तर मी न्हाई म्हननार न्हाई."

घड्याळांवरून रोज भांडणं होत होती, म्हणून वाटी मान्य झाली. पण ती इंजिनाबरोबरच सोडायची, असं ठरलं. म्हणजे मामीला काहीच मिळालं नाही.

बीडच्या तांबटाकडून मी वाटी करून आणली. आजोबांच्या घड्याळावर ताडून पाहिली. पाच वेळा बुडाली की तास भरत होता. पहिली पाळी दिरांची होती. दुसरी चिठ्ठीत मामीची निघाली, म्हणून ती वाटीपाशी बसली. थोड्या वेळाने आरडाओरडा ऐकून मी विहिरीवर गेले. मामीने बोटाने वाटी बुडवल्याचं कोणीतरी पाहिलं होतं. दीर चिखलाच्या पायांनीच धावत आले.

"मामी, वाटी दाबली?"

"दाबली. तीनदा बुडाली, मंग बुडंचना. म्हशीवानी बसलीया पान्यावर."

मी घड्याळ पाहिलं. दीड तास होऊन गेला होता. वाटी उन्हाकडे धरली तर उजेड दिसेना; भोक गाळाने बुजलं होतं. इराणच्या बोगद्यातलं पाणी काचेसारखं होतं. मी मात्र तळाला गेलेल्या विहिरीचं गढूळ पाणी न गाळताच पातेल्यात भरलं होतं. चूक माझी आहे, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं.

"चेरमन, वाटी इराणची आन् पानी तुमच्याच रानात," मागून कोणीतरी म्हणालं.

दिरांनी वळून आपल्या भिजलेल्या रानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "वरचा अर्धा तास मामीचा. आन् वाटी तिच्या झाडापाशी पानी गेल्यावर सोडा. आजच्यापुरतं."

मी काडीने वाटीचं भोक मोकळं केलं आणि पातेलं रिकामं करून फडक्याने गाळलेलं पाणी भरलं. दीर स्वतः फावडं घेऊन पाण्याबरोबर पाटाने चालत निघाले. पाट फुटेल तिथे माती लावत, पाणी जिरेल तिथे थांबत. शेवटाला पोचायला पाऊण तास लागला. "आलं" ही हाक त्यांचीच होती. मी वाटी सोडली.

पुढच्या बैठकीत "आजच्यापुरतं" हा शब्द त्यांनीच काढून टाकला. मामीची सहा झाडं गेली, बाकीची पावसापर्यंत तगली.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या आल्या. मामी तिच्या भावाला आणि भावजयीला भाकरीचं गाठोडं द्यायला रस्त्यावर गेली. परत येताना ती दवाखान्याच्या पायरीवर बसली.

"गेली गाडी," ती म्हणाली.

मी चहा आणला. मुली शाळेतून यायच्या होत्या, तोवर आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.